खालची ओळ कुठे गेली? निवडणूक आयोगास इंदूरहून एका मुद्रकाचे खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त व मा. निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग,
निर्वाचन सदन, अशोक रोड, नवी दिल्ली.

विषय: निवडणूक प्रचारातील निनावी नकारात्मक जाहिरातींबाबत.

महोदय,

हे पत्र मराठीत आहे आणि तरीही ते मुंबई-पुण्याहून न येता इंदूरहून आले आहे, याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणाही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्याच्या कोणत्याही प्राधिकाऱ्याकडे, संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, आणि होळकरांच्या काळापासून या शहरात राहत आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांची गाऱ्हाण्याची भाषा अजून मराठीच आहे (व्यवहाराची केव्हाच हिंदी झाली). मराठीत लिहिण्याचे दुसरेही एक कारण आहे. ते पुढे ओघाने येईल.

मी व्यवसायाने मुद्रक. वडिलांनी खजूरी बाजारालगतच्या एका बोळात पायाने चालवायच्या ट्रेडलवर सुरू केलेला छापखाना मी पुढे ऑफसेटवर नेला आणि सदतीस वर्षांनी, मुलाला त्यात रस नाही हे पुरते कळल्यावर, विकून टाकला. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांची प्रगतिपुस्तके आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका यांवर घर चालत असे. निवडणुकांवर घराची डागडुजी होत असे. सर्व पक्षांची पत्रके आम्ही छापली. छापखान्याला पक्ष नसतो, उधारी मात्र सगळ्याच पक्षांकडे असते. तेव्हा आज मी कोणा पक्षाची बाजू घेऊन लिहीत नाही. पत्रकाच्या अगदी तळाशी, बारीक टाइपात जी एक ओळ असते, तिची बाजू घेऊन लिहीत आहे.

ती ओळ आपल्या परिचयाचीच आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९६१ साली घातलेल्या कलम १२७अ नुसार, ज्यावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता नाही असे निवडणुकीचे पत्रक किंवा भित्तिपत्रक छापता येत नाही. प्रकाशकाने आपल्या ओळखीचे सही केलेले प्रतिज्ञापन, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीसह, दोन प्रतींत मुद्रकाच्या हाती द्यायचे आणि मुद्रकाने त्यातली एक प्रत छापील कागद जोडून सरकारकडे पाठवायची: राज्याच्या राजधानीत छपाई झाली असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, इतरत्र झाली असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे. पुढे १९९४ मध्ये आयोगाने आदेश काढून त्याला तीन दिवसांची मुदत घातली, छापील मजकुराच्या चार प्रती मागितल्या आणि किती प्रती छापल्या व किती मोबदला घेतला हेही लिहून मागितले. कलमाचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, परंतु छापखानेवाल्याला दंडाची भीती कधीच नव्हती. नाव जाण्याची होती.

प्रत्यक्षात हे कसे घडत असे ते सांगतो. आमच्या छापखान्याचे नाव आणि पत्ता आठ पॉइंटच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या बारीक धातूच्या अक्षरांत, जुळवून, दोऱ्याने बांधून, गॅलीच्या कोपऱ्यात कायम ठेवलेला असे, आणि निवडणुकीचे काम आले की कंपोझिटरने फर्म्यात सर्वांत आधी ती ओळ बसवायची, मजकूर नंतर, असा वडिलांचा दंडक होता. दुपारी एखादा कार्यकर्ता स्कूटरवरून मजकूर घेऊन येई; सोबत नेत्याच्या छायाचित्राचा ब्लॉक आणि संध्याकाळच्या सभेत पत्रके वाटायची घाई. वडील त्याच्यापुढे प्रतिज्ञापनाचा कोरा नमुना ठेवत. मग दोन साक्षीदारांचा शोध सुरू होई. समोरच्या टपरीवरच्या चहावाल्याने ‘मी यांना ओळखत नाही’ म्हटले की काम तिथेच अडे आणि कार्यकर्ता चरफडत वॉर्डात परत जाई. कित्येकदा मी पाहिले आहे की साक्षीदार आणायला गेलेला माणूस परत येई तेव्हा त्याने मजकुरातले एखादे वाक्य आपल्याच हाताने खोडलेले असे. कायद्याने त्याला काहीही खोडायला सांगितले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते. खाली आपले नाव येणार आहे एवढेच त्याच्या ध्यानात आले होते.

या कलमात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांनी ते लिहिले त्यांना मी मनोमन नमस्कार करतो. पहिली म्हणजे, निवडणूक पत्रकाची व्याख्या करताना कायद्याने उमेदवाराच्या निवडीला साह्य करणारा मजकूर आणि तिला बाधा आणणारा मजकूर या दोन्हींचा एका दमात उल्लेख केला आहे. म्हणजे नकारात्मक जाहिरात ही आजची नवलाई आहे असे जे म्हटले जाते ते खरे नाही. साठ वर्षांपूर्वीच्या कायदेमंडळाने तिला ओळखले होते, तिच्यावर बंदी घातली नाही आणि फक्त तिला नाव लावायला सांगितले. दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. ‘छपाई’ म्हणजे काय हे सांगताना कलम म्हणते की हाताने नक्कल करणे सोडून दस्तऐवजाच्या प्रती वाढवण्याची कोणतीही प्रक्रिया ही छपाईच समजली जाईल. त्या काळी त्यांच्या डोळ्यांपुढे सायक्लोस्टाइल, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायचे यंत्र, असणार. पण शब्द मात्र असे निवडले गेले की आज माझी नात अंगठ्याच्या एका दाबाने जे पंचवीस घरी पाठवते, त्यालाही ते लागू पडावेत. कायदेपंडित यावर किती वाद घालतील तो भाग निराळा. एका मुद्रकाला तरी त्यात संदिग्ध असे काही दिसत नाही.

आता कबुली देतो, कारण ती दिल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही. नोव्हेंबर १९९८ ची विधानसभा निवडणूक. मतदानाला चार-पाच दिवस उरले होते, वडील जाऊन वर्ष झाले होते आणि ऑफसेट यंत्राचे हप्ते थकलेले होते. रात्री साडेदहाला शटर अर्धे ओढलेले असताना ओळखीचा एक माणूस हाताने लिहिलेला कागद घेऊन आला. मजकूर एका उमेदवाराविरुद्ध होता, पण त्यात त्याच्या कामाविषयी एक अक्षर नव्हते. त्याच्या घरातल्या एका स्त्रीविषयी मात्र सहा ओळी होत्या. चार हजार प्रती, पातळ पिवळा कागद, दुप्पट दर, रोख. खाली ओळ नको. मी छापले. पहाटे दोनला यंत्र बंद केले आणि खराब झालेल्या प्रतीसुद्धा त्या माणसाने मोजून नेल्या.

सकाळी वर्तमानपत्राच्या घडीतून तोच पिवळा कागद आमच्या रामबागेतल्या घराच्या ओटीवर पडला. आईने उचलला, चष्मा लावला आणि मजकुराकडे न बघता आधी कागदाचा तळ पाहिला. चाळीस वर्षे मुद्रकाची बायको म्हणून काढल्यावर जडलेली ती सवय होती. ‘खाली काहीच नाही, म्हणजे खोटेच असणार,’ असे म्हणून तिने तो कागद बंबात घातला. मी चहा पीत बसलो होतो. तो उमेदवार हरला. पत्रकामुळेच हरला असा दावा मी करणार नाही. पण त्या घरातल्या त्या बाईंनी पुढे कितीतरी दिवस दत्ताच्या देवळात येणे सोडले होते, हे मला माहीत आहे.

आईच्या त्या एका वाक्यात मला आज जे म्हणायचे आहे ते बरेचसे आले आहे. खालच्या ओळीमुळे छापणारा जपून वागत असे हे तर खरेच, पण त्या ओळीने वाचणाऱ्यालाही शिकवले होते. ओळ असली की माणूस म्हणे, अमक्या पक्षाने तमक्यावर आरोप केला आहे, तेव्हा चार आणे खरे धरू. ओळ नसली की म्हणे, हे अंधारातले काम आहे. निंदेलाही एक दर्जा होता आणि तो तळाशी छापलेला असे. आज मतदारापर्यंत जे पोहोचते त्यातल्या बहुतेक कशालाच तळ नाही आणि म्हणून कोणी तळ पाहत नाही.

मराठीत लिहिण्याचे दुसरे कारण इथे येते. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्याकडे १७ नोव्हेंबरला मतदान होते आणि त्या वर्षी दिवाळी नेमकी प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात आली होती. भाऊबिजेच्या रात्री, म्हणजे जाहीर प्रचार बंद झाल्यावर, आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत चाळीसेक सेकंदांची एक चित्रफीत फिरू लागली. एका वृद्ध स्त्रीचा आवाज मराठीत सांगत होता की अमुक उमेदवाराने सभेत मराठी लोकांना उपरे म्हटले आहे आणि आता तरी आपण जागे व्हावे. आवाज कातर, पार्श्वभूमीला राजवाड्याचे छायाचित्र, शेवटी जोडलेले हात. आम्ही इंदुरी मराठी माणसे बोलता बोलता अर्धे वाक्य हिंदीत संपवतो हे मला ठाऊक आहे आणि त्यावरून पुण्याच्या पाहुण्यांचे टोमणेही मी पुष्कळ ऐकले आहेत, परंतु ‘माझा’मधला झ आणि ‘चांगला’मधला च आमच्याकडच्या सत्तर वर्षांच्या आजीच्या तोंडून हिंदी वळणाने येत नाही. या आजीच्या तोंडून येत होता. ती आजी कोणी माणूस होती की यंत्राने घडवलेला आवाज, हे मी सांगू शकत नाही. ती रामबागेतली नव्हती, एवढे सांगू शकतो.

सकाळपर्यंत ती चित्रफीत माझ्याकडे अकरा वेळा आली. पाठवणाऱ्यांत माझी मावसबहीण होती, भजनी मंडळाचे चिटणीस होते, निवृत्त प्राध्यापक होते. जुन्या सवयीने मी तळ शोधला. तिथे काहीच नव्हते. मग मी एकेकाला फोन करून, ही तुमच्याकडे कोठून आली, असे विचारत मागे मागे जाऊ लागलो. पाच घरे झाली. सहाव्या घरी उत्तर मिळाले, ‘कोणास ठाऊक, पुढून आली.’ त्या सभेचे संपूर्ण चित्रण मी नंतर पाहिले. त्यात तो शब्द नव्हता. उमेदवाराचे किंवा पक्षाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण असाच प्रकार दुसऱ्या बाजूनेही झालेला मी पाहिला आहे.

आयोगाने या बाबतीत काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना प्रसारणापूर्वी प्रमाणपत्र लागते, ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने आली; २०१३ मध्ये आपण समाजमाध्यमांवरील जाहिरातींनाही ती लागू केली. बिहारच्या २०१५ च्या निवडणुकीपासून मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत द्यायच्या जाहिरातींनाही प्रमाणन समितीची पूर्वपरवानगी लागू लागली. एप्रिल २०२४ मध्ये होर्डिंगवरही मुद्रक आणि प्रकाशक यांची ओळख असलीच पाहिजे, असे आपण बजावले. ६ मे २०२४ रोजी पक्षांना सांगितले की बनावट ध्वनिचित्रफीत निदर्शनास आणून दिल्यावर तीन तासांत काढून टाकावी. प्रत्येक पाऊल योग्यच होते. पण ज्या जाहिरातीसाठी कोणी पैसे मोजले आणि जी कोणी आपल्या नावाने दिली, तिच्यावरच यातले बहुतेक नियम चालतात. स्वतःच्या खात्यावरून कोणी एखादी चित्रफीत टाकली तर ती जाहिरात नव्हे, ते मतप्रदर्शन, आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही. हा भेद नागरिकाच्या अभिव्यक्तीसाठी आवश्यक आहे हे मी जाणतो. मात्र व्यावसायिकांकडून तयार करून घेतलेली जाहिरात पहिल्या दहा माणसांच्या हाती फुकट सोडली की ती त्याच भेदाच्या आडोशाने मतप्रदर्शन होऊन बसते. जाहिरातीचे हे रूपांतर होताना जे गळून पडते ते म्हणजे तिचे नाव.

पैसे भरून दिलेल्या जाहिरातींवर फेसबुक २०१९ पासून ‘कोणी खर्च केला’ अशी पट्टी दाखवते. ती पट्टी मी मुलाला बाजूला बसवून नीट पाहिली. मुद्रकाच्या नजरेला तिच्यात एक मूलभूत दोष दिसतो: ती जाहिरातीवर छापलेली नाही, जाहिरात ज्या फळीवर लावली त्या फळीवर छापलेली आहे. चित्रफीत उतरवून घेतली आणि व्हॉट्सॲपवर टाकली की पट्टी मागे राहते आणि निंदा पुढे जाते. आमची ओळ कागदावरच असे. कागद घडी करून खिशात गेला तरी ओळ खिशात जाई, त्याच कागदात कोणी भजी बांधून दिली तरी ओळ भज्यांबरोबर जाई.

नाव असले म्हणजे जाहिरात सभ्य होते, असा माझा भाबडा समज नाही. ५ मे २०२३ रोजी कर्नाटकात मतदानाच्या पाच दिवस आधी काँग्रेसने तत्कालीन भाजप सरकारवर भ्रष्टाचाराचे ‘दरपत्रक’ जाहिरात म्हणून वर्तमानपत्रांत छापले. दुसऱ्याच दिवशी आयोगाने त्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांकडे पुरावे मागितले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पश्चिम बंगालमध्ये भाजपने तृणमूल काँग्रेसविरुद्ध दिलेल्या जाहिरातींना कलकत्ता उच्च न्यायालयाने २० मे रोजी मनाई केली, तक्रारींची वेळेत दखल न घेतल्याबद्दल आयोगालाही बोल लावले आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ मे रोजी त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. या दोन्ही प्रकरणांत कोण चूक आणि कोण बरोबर हा माझा विषय नाही. माझे लक्ष एवढ्याकडेच आहे की नोटीस कोणाला पाठवायची हे आयोगाला आणि मनाई कोणाला करायची हे न्यायालयाला ठाऊक होते. निंदकाचे घर असावे शेजारी, असे आपल्याकडे म्हणतात. त्या निंदकाला निदान घर असते आणि घराला दार असते, ज्यावर नोटीस चिकटवता येते.

आता याच्या शेजारी मध्य प्रदेशातला जून २०२३ ठेवून पाहा. आधी भोपाळमध्ये काँग्रेसचे कमलनाथ यांच्यावर भ्रष्टाचाराचा आरोप करणारी, क्यूआर कोड असलेली भित्तिपत्रके लागली; चार-दोन दिवसांत भाजपचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्यावर टक्केवारीचा आरोप करणारी, डिजिटल पैसे देण्याच्या ॲपच्या धाटणीची भित्तिपत्रके दिसू लागली, ज्यांवर आपले बोधचिन्ह वापरल्याबद्दल फोनपे कंपनीने हरकत घेतली. म्हणजे त्या साऱ्या प्रकरणात आपले नाव वापरले गेले म्हणून उघडपणे पुढे येणारी एक कंपनीच निघाली. पक्ष एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. शिवाय निवडणूक जाहीर झाली ९ ऑक्टोबरला. जूनमध्ये आचारसंहिता लागू नव्हतीच.

निनावीपणा हा प्रचारकांचा आळस नाही, त्यात रोकडा फायदा आहे, हे कायद्याच्या पुस्तकातूनच दिसते. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(४) खाली भ्रष्ट आचरण आहे आणि त्यावरून निवडणूकच रद्द होऊ शकते. परंतु ते विधान प्रतिस्पर्धी उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्यापैकी कोणाच्या संमतीने दुसऱ्याने केले, हे सिद्ध करावे लागते. निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करायची, आणि तिच्यात संमती कोणाची दाखवायची? पुढून आलेल्या चित्रफितीची? भारतीय न्याय संहितेचे कलम १७५ अशा खोट्या विधानाला फक्त दंड सांगते, तोही करणारा सापडल्यास. विधानसभेच्या उमेदवाराला आमच्याकडे चाळीस लाखांची आणि लोकसभेच्या उमेदवाराला पंच्याण्णव लाखांची खर्चमर्यादा आहे, आणि स्वतःची स्तुती करणाऱ्या प्रत्येक पत्रकाचा हिशेब त्याला द्यावा लागतो. बिननावाच्या निंदेचा खर्च मात्र कोणाच्याच वहीत चढत नाही. दोन्ही मालांचा भाव असा असेल तर बाजारात काय जास्त येईल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

नकारात्मक जाहिरातींवर सरसकट बंदी घालावी असे मला मुळीच सुचवायचे नाही, आणि तशी मागणी करणाऱ्यांची मला थोडी भीतीच वाटते. सत्तेवर असलेल्याचे काम वाईट असेल तर ते वाईट आहे असे मोठ्या अक्षरांत छापणे हा विरोधकाचा धंदा आहे. आमचे शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले येत आले आहे, आणि म्हणूनच कोणी आमच्या वस्तीतल्या तुंबलेल्या नाल्याचे छायाचित्र जाहिरातीत छापले तर ते मला हवे आहे. १९६० मध्ये केरळात जिचा उगम झाला ती आदर्श आचारसंहिताही हेच सांगते: टीका धोरणांवर, कार्यक्रमावर, मागच्या कामगिरीवर करा, खाजगी आयुष्याला आणि खातरजमा न केलेल्या आरोपांना हात लावू नका.

इंदूरने तर नकारात्मक प्रचाराचे एक असे उदाहरण घालून दिले आहे की ज्याला तोड मिळणे कठीण. २०२४ मध्ये लोकसभेसाठी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला. पक्षाकडे स्तुती करायला उमेदवारच उरला नाही, तेव्हा त्याने ‘नोटा’चे बटण दाबा असा प्रचार केला. कोणालाही मत देऊ नका, याहून नकारात्मक जाहिरात ती काय असणार? पण ती उघड होती. सांगणारा कोण आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, त्याचा हेतू ठाऊक होता, त्याचा राग का आहे हेही ठाऊक होते, आणि हे सारे जमेस धरून ज्याला जे करायचे ते त्याने केले. २,१८,६७४ मते ‘नोटा’ला पडली; विजयी उमेदवार ११,७५,०९२ मतांच्या फरकाने निवडून आला. त्या प्रचाराबद्दल मला व्यक्तिशः विशेष प्रेम नाही. परंतु त्याने कोणा आजीचा आवाज चोरला नव्हता.

तेव्हा माझी पहिली विनंती अशी की कलम १२७अ मधली खालची ओळ आयोगाने पडद्यावर आणावी. निवडणुकीत कोणाच्या बाजूने किंवा विरुद्ध तयार केलेल्या प्रत्येक चित्रावर आणि चित्रफितीवर, ती ज्या माध्यमातून फिरते त्याच्या पट्टीवर न ठेवता, खुद्द चित्रात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल अशी, तयार करणाऱ्याची आणि करवून घेणाऱ्याची नावे व पत्ते असलेली ओळ असावी. हे अशक्य कोटीतले नाही. ब्रिटनने १ नोव्हेंबर २०२३ पासून डिजिटल प्रचारसाहित्यावर अशी ओळ सक्तीची केली आहे. अमेरिकेत २००२ च्या कायद्यापासून उमेदवाराला दूरचित्रवाणीवरील आपल्या जाहिरातीत, हा संदेश मला मान्य आहे, असे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. त्याने तिकडची निंदा कमी झाली नाही, पण उमेदवाराने स्वतः दिलेल्या निंदेला तोंड तरी लाभले. यासाठी कायदा बदलावा लागेल असे आपले विधिज्ञ सांगतील तर तशी शिफारस आपण सरकारला करावी. मात्र त्याआधी, प्रती वाढवण्याची कोणतीही प्रक्रिया म्हणजे छपाई, हे कलमातले शब्द त्यांना एकदा पुन्हा वाचायला सांगावे. एखाद्या नागरिकाने आपल्या मताची चार वाक्ये गटात लिहिली तर त्याला या ओळीची सक्ती नको, हे मी स्पष्ट करतो. ते हाताने केलेल्या नकलेसारखे आहे, आणि कलमानेच ती वगळली आहे.

दुसरी विनंती तक्रारीविषयी. आपले सी-व्हिजिल ॲप उत्तम आहे. चौकातल्या बेकायदा फलकाचे छायाचित्र पाठवले की शंभर मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. पण ते जागेवर काढलेलेच छायाचित्र घेते, फोनमध्ये आधीपासून असलेले घेत नाही. फलकासाठी ही अट रास्त आहे. चित्रफितीची ‘जागा’ मात्र फोन हीच असते, तेव्हा फोनवर आलेली निनावी जाहिरात तशीच पुढे धाडता येईल असे एक वेगळे दार त्याच ॲपमध्ये असावे, आणि ज्यावर खालची ओळ नाही ते खरे की खोटे याच्या चौकशीत वेळ न घालवता केवळ ओळ नाही एवढ्यावरून ते थांबवण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर असावा. खऱ्याखोट्याचा निवाडा शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांत होत नसतो. ओळ आहे की नाही हे पाहायला दोन सेकंद लागतात. माझी आई ते चष्मा लावून करीत असे.

आणि एक प्रश्न, जो मला छापखान्यात असल्यापासून पडत आला आहे. प्रत्येक निवडणुकीत आम्ही प्रत्येक पत्रकाच्या चार-चार प्रती मोत्याच्या टाचणीने जोडून, यादी करून, कलेक्टर कचेरीत पोहोचवत होतो. सदतीस वर्षांत त्या मतदाराच्या नजरेस पडलेल्या मी पाहिल्या नाहीत. कोणत्या पक्षाने कोणाविरुद्ध काय छापले, किती हजार छापले, किती पैशांत छापले, याचा जिल्ह्याजिल्ह्यातला एवढा इमानदार दप्तरसंग्रह जमतो आणि मतदानापूर्वी तो मतदाराला दिसत नाही. २०२८ च्या आमच्या विधानसभा निवडणुकीत तरी ती पत्रके आणि प्रमाणपत्र दिलेल्या प्रत्येक जाहिरातीची प्रत, तिच्या खालच्या ओळीसह आणि खर्चासह, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी लागावी. त्या वेळी मी असेन-नसेन. माझी नात तोपर्यंत पहिल्यांदा मतदान करील, आणि तळ बघायची सवय तिला मी लावतो आहे. तळाशी काही असावे, एवढी व्यवस्था आपण करावी.

१९९८ च्या त्या पिवळ्या कागदाची एक प्रत माझ्याकडे आहे. सगळ्या मोजून नेल्या असे वर लिहिले, पण एक यंत्राखाली सरकली होती आणि छापखाना विकताना ती सापडली. आयोगाला पाठवत असलेल्या या पत्रासोबत ती जोडली आहे. तिच्यावरचे त्या बाईंचे नाव मी काळ्या शाईने झाकले आहे आणि तळाशी, जिथे कोरे होते तिथे, माझ्या हाताने मुद्रकाचे नाव आणि पत्ता लिहिला आहे.

आपला विश्वासू,
सही/-
निवृत्त मुद्रक, रामबाग, इंदूर

लेखक व प्रकाशक: वर सही करणारा. प्रती: चार.